वेलिंग्टनचें चरित्र आणि वर्धेचा कांठ

दोन खंडांचें चरित्र हातीं आलें, म्हणजे त्याचा पहिला खंड कोठें संपतो हें आम्ही आधीं पाहतों. नायकाविषयीं ग्रंथकाराचें खरें मत काय, तें प्रस्तावनेपेक्षां या जागीं अधिक स्पष्ट कळतें. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या इंग्रजी चरित्रांत ही जागा जवळजवळ ठरूनच गेली आहे. एलिझाबेथ लाँगफर्ड या विदुषींनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडास 'तरवारीचीं वर्षें' अशा अर्थाचें नांव दिलें. तो वॉटर्लूपाशीं संपतो. १९७२ त निघालेल्या दुसऱ्या खंडाचें नांव 'राज्याचा आधारस्तंभ'. रोरी म्यूर या अलीकडच्या पंडितांनीं २०१३ व २०१५ सालीं जे दोन भरगच्च खंड दिले, त्यांत ही रेषा एक वर्ष मागें, १८१४ वर आली आहे, एवढाच फरक. रेषेच्या अलीकडे शिपाई आणि पलीकडे मुत्सद्दी; अलीकडे यश, आणि पलीकडे त्या यशाच्या पुण्याईवर काढलेले दिवस.

ही वांटणी वाचकाच्या सोयीची आहे, यांत संशय नाहीं. ज्यांना लढाया आवडतात त्यांनीं पहिला खंड विकत घ्यावा आणि ज्यांना पार्लमेंटांतील वादविवाद रुचतात त्यांनीं दुसरा. परंतु एका माणसाचें आयुष्य समजून घेण्यास ती कितपत उपयोगी पडते, याविषयीं आम्हांस शंका आहे. आणि या शंकेचें मूळ लंडनांत किंवा पॅरिसांत नसून वऱ्हाडांत आहे.

प्रथम नुसत्या सनावळीकडे पाहावें. आर्थर वेलस्लीनें पहिली लढाई पाहिली ती १७९४ सालीं, फ्लॅंडर्समध्यें. आयर्लंडच्या पार्लमेंटांत ट्रिम गांवचा प्रतिनिधि म्हणून तो बसला तो १७९० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं. हिंदुस्थानांतून परत गेल्यावर १८०६ त तो राय या मतदारसंघातर्फे इंग्लंडच्या पार्लमेंटांत शिरला. १८०७ त आयर्लंडचा मुख्य चिटणीस झाला, आणि त्या जागेचा राजीनामा न देतांच त्यानें त्याच वर्षीं कोपनहेगनवर आणि पुढल्या वर्षीं पोर्तुगालांत मोहिमा केल्या. म्हणजे स्पेनमधील त्याचें प्रसिद्ध युद्ध सुरू होण्यापूर्वींच तो दोनदां पार्लमेंटांत आणि एकदां अधिकारावर जाऊन बसलेला होता. 'शूर शिपाई पुढें राजकारणांत पडला' या वाक्यांतील 'पुढें' हा शब्द वेलिंग्टनपुरता तरी खोटा आहे. म्यूर यांना ही अडचण जाणवलेली दिसते. आपल्या पहिल्या खंडांतहि त्यांनीं आयर्लंडच्या कारभारास बरीच जागा दिली आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. लाँगफर्डबाईंचा ओढा घरगुती गोष्टींकडे अधिक. वेलिंग्टनची पत्नी ज्या पेकनम घराण्यांतली, त्याच घराण्याची ही सून. तेव्हां सासरच्या पूर्वज स्त्रीवर झालेल्या अन्यायाची बोच त्यांच्या लेखणीस थोडीशी लागलेली असली तर तीबद्दल आम्ही त्यांस दोष देणार नाहीं.

तथापि ट्रिमच्या पार्लमेंटगिरीचें स्तोम आम्हांसहि माजवावयाचें नाहीं. ती घराण्याच्या खिशांतली जागा होती. एक भाऊ उठला, दुसरा बसला. अशा जागेवर बसून कोणी मुत्सद्दी होत नसतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, वेलस्ली मुत्सद्दी झाला तो १८०३ च्या पावसाळ्यापासून १८०४ च्या उन्हाळ्यापर्यंत, दक्षिणेंत आणि वऱ्हाडांत. आणि त्याच्या पुढील राजकीय आयुष्यांतले गुण आणि दोष, दोन्ही, या एका वर्षांत हजर आहेत.

आम्ही हें बोरी अरब येथें बसून लिहीत आहों. आमचें गांव यवतमाळ जिल्ह्यांत, दारव्हे तालुक्यांत, म्हणजेच वर्धा नदीच्या पश्चिमेस. 'वर्धेच्या पश्चिमेस' हे शब्द आज केवळ दिशा दाखवितात. १७ डिसेंबर १८०३ रोजीं ते तहांत पडले तेव्हां त्यांनीं आमच्या पणज्यांच्या पणज्यांचा धनी ठरविला. हा तह अचलपुराजवळच्या देवगांवीं झाला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीनें यशवंतराव रामचंद्र बोलणें करीत होते. आणि त्यांच्यापुढें बसलेला गृहस्थ कोणी रेसिडेंट किंवा सेक्रेटरी नव्हता. दोनच दिवसांपूर्वीं ज्याच्या फौजेनें गाविलगड घेतला, तो चौतीस वर्षांचा मेजर-जनरल वेलस्ली स्वतः तहाचीं कलमें ठरवीत होता.

चरित्रकार येथें घाईंत असतात. असईची लढाई त्यांना रंगवून सांगावयाची असते, आणि ती आहेहि तशीच. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे आणि भोसले यांची एकत्र फौज केळणा नदीपलीकडे अकस्मात् दृष्टीस पडली; वाटाडे म्हणाले, उतार नाहीं. वेलस्लीनें दुर्बिणींतून पाहिलें तों पिंपळगांव आणि वरूड हीं दोन खेडीं नदीच्या दोन कांठांवर समोरासमोर दिसलीं. तेव्हां इतक्या जवळच्या गांवांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्यानें फौज तिकडे वळविली आणि उतार सांपडला. पुढें जी लढाई झाली तींत त्याचीं दीड हजारांवर माणसें मेलीं किंवा जखमी झालीं, शिंद्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा हातीं आल्या, आणि म्हातारपणीं 'आपली सर्वांत चांगली लढाई कोणती?' असें कोणी विचारलें असतां त्यानें वॉटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें, अशी आठवण सांगतात. हा सर्व भाग जॅक वेलर यांनीं १९७२ च्या आपल्या 'वेलिंग्टन हिंदुस्थानांत' या अर्थाच्या पुस्तकांत जागा प्रत्यक्ष पाहून लिहिला आहे. बैल, बंजाऱ्यांचे तांडे, नद्या उतरण्यासाठीं करविलेल्या कातड्यानें मढविलेल्या टोपल्यांच्या होड्या, यांची जी माहिती वेलर देतात ती इतर चरित्रकार कंटाळवाणी म्हणून गाळतात. आमच्या जिल्ह्यांत ज्यानें तांड्यावरचे वृद्ध लोक पाहिले आहेत, त्यास मात्र ही पानें सर्वांत अधिक गोड लागतील. कारण वेलस्लीच्या त्या वर्षींच्या पत्रांत ज्यांची मनधरणी पानोपानीं चालली आहे ते शिंदे नव्हेत कीं पेशवे नव्हेत, तर धान्याच्या गोण्या वाहणारे बंजारी आहेत.

परंतु वेलर हे लष्करी ग्रंथकार. त्यांच्या पुस्तकांत तह म्हणजे लढाईच्या शेवटीं येणारी रेघ. खरी वस्तुस्थिति अशी होती कीं, २६ जून १८०३ च्या आज्ञेनें गव्हर्नर-जनरलनें, म्हणजे आर्थरच्या सख्ख्या थोरल्या भावानें, दक्षिणेंतील लष्करी आणि मुलकी असे दोन्ही अधिकार त्याच्या एकट्याच्या हातीं दिले होते. शिंद्यांकडील रेसिडेंट कॉलिन्स छावणी सोडून निघाला, तेव्हां युद्ध पुकारण्याचें पत्रहि वेलस्लीचेंच आणि लागलीच अहमदनगरावर चालून जाणारी फौजहि त्याचीच. त्याच ऑगस्टांत तो अमृतरावांस सालिना सात लाखांच्या नेमणुकीचें वचन देऊन फोडीत आहे. बाजीरावाचा हा भाऊ होळकरांच्या गोटांतून बाहेर पडला तर एका लढाईचें काम होतें, हा हिशेब त्यामागें होता. अशा माणसास 'अजून नुसता शिपाई' कसें म्हणावें?

अडगांवचें प्रकरण याहूनहि बोलकें आहे. तेल्हाऱ्याकडच्या या गांवापाशीं २९ नोव्हेंबरला जी लढाई झाली, तिच्यापूर्वीं सहा दिवस शिंद्यांशीं युद्ध-तहकुबीचा करार झालेला होता. शिंद्यांनीं अचलपुराच्या पूर्वेस वीस कोस दूर राहावें, अशी त्यांत अट होती. ती त्यांनीं पाळली नव्हती. भोसल्यांशीं तर असा करारच नव्हता. शिंद्यांचे वकील त्या दिवशीं वेलस्लीच्या गोटांतच होते आणि 'हल्ला करूं नका' म्हणून विनवीत होते. वेलस्लीनें त्यांस करारांतली अट दाखविली, भोसल्यांशीं आपलें कांहींच ठरलेलें नाहीं याची आठवण दिली, आणि फौज पुढें घातली. हें वर्तन न्यायाचें कीं अन्यायाचें, यावर भांडतां येईल. अट लिहिलेली होती आणि ती मोडली होती, हें खरें. पण ज्याच्याशीं बोलणें चालू आहे त्याचे वकील तंबूंत बसवून त्याच्याच स्वारांवर तोफा डागणें हें साध्या शिपायाच्या मनास सुचणारें काम नव्हे. लढाईच्या आरंभीं, असईला ज्या पलटणी खांबासारख्या उभ्या होत्या त्यांतल्याच तीन तोफांच्या माऱ्यानें बिथरून मागें पळाल्या आणि वेलस्लीनें स्वतः जाऊन त्यांस पुन्हा ओळींत आणलें, हा प्रसंग प्रत्येक चरित्रांत आहे. वकिलांचा प्रसंग मात्र बहुतेकांत एका वाक्यांत संपतो. चरित्रकाराच्या आवडीनिवडीचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

गाविलगडाविषयीं आम्ही थोडेंच लिहूं. कर्नल स्टीव्हन्सननें मेळघाटांतून वाट पाडीत तोफा गडाच्या उत्तरेस नेल्या, १५ डिसेंबरला तटास पडलेल्या खिंडारांतून फौज आंत शिरली, कॅप्टन कॅंबेलनें शिड्या लावून आंतला कोट चढला, आणि किल्लेदार बेनीसिंग आपल्या रजपुतांसह लढतां लढतां पडला. कत्तल मोठी झाली. चिखलदऱ्यास हवा खाण्यास जाणारी आमचीं मध्यमवर्गीय कुटुंबें गडाचा दरवाजा पाहून, तलावाच्या कांठीं डबे सोडून परत येतात. त्यांच्यापैकीं किती जणांना बेनीसिंगाचें नांव ठाऊक असतें, हा प्रश्न इंग्रज चरित्रकारांस विचारण्याजोगा नाहीं, तो आपणांस आपणच विचारावयाचा आहे.

आतां तह. देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं बालेश्वरासह कटक प्रांत सोडला, तो तर इंग्रज फौजेनें आधींच घेतलेला होता. दुसरें, वर्धेच्या पश्चिमेचा सर्व मुलूख त्यांनीं कंपनीस व तिच्या मित्रांस दिला. येथवर हा जेत्याचा तह. परंतु पुढचें कलम पाहावें: ज्या गाविलगडासाठीं इतकें रक्त सांडलें तो गड, आणि त्याबरोबर नरनाळा, असे दोन्ही किल्ले लगतच्या चार लाखांच्या मुलुखासह भोसल्यांस परत दिले. हरलेल्या शत्रूस घरीं जाऊन दाखविण्याजोगें कांहीं तरी ठेवावें, त्याला भिंतीस पाठ लावून उभें करूं नये, ही समज या कलमांत आहे. अशी समज चोवीस वर्षांच्या एल्फिन्स्टनला, जो दुभाषी म्हणून त्या स्वारींत बरोबर होता, तेथें शिकतां आली असेल. वेलस्लीनें त्याला 'तुझा धंदा चुकला, तूं शिपाई व्हावयाचा होतास' असें म्हटल्याची गोष्ट एल्फिन्स्टनचे चरित्रकार मोठ्या अभिमानानें सांगतात. आम्हांस ती वाचून हंसूं येतें. कारण त्या घडीस शिपायीगिरी करून मुलकी अंमलदाराचें काम कोण करीत होता, हें दोघांनाहि ठाऊक असलें पाहिजे.

शिंद्यांशीं ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांवीं तह झाला. तेथें शिंद्यांकडून विठ्ठलपंत नांवाचे वृद्ध कारभारी बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग, लोभ, भीति यांपैकीं कांहीं म्हणून उमटत नसे. तेव्हां जॉन मालकम आणि वेलस्ली यांनीं त्यांना पत्त्यांच्या एका खेळावरून थट्टेचें नांव दिलें. या खेळांत आपले पत्ते कसेहि असोत, चेहरा स्थिर ठेवणारा जिंकतो. पुष्कळ वर्षांनीं मालकमनें ड्यूकला विचारलें, कीं तॅलिरां हा फ्रेंच मुत्सद्दी कसा काय माणूस आहे? ड्यूक म्हणाला, पुष्कळसा आपल्या त्या म्हाताऱ्यासारखा, पण तितका हुशार नव्हे. ही आठवण मालकमच्या चरित्रांतून आलेली आहे, आणि चरित्रकार ती ड्यूकच्या विनोदाचा मासला म्हणून देतात. आमच्या मतें तो विनोद नाहीं. ती कबुली आहे. ज्यानें व्हिएन्नाच्या परिषदेंत युरोपांतले सगळे धुरंधर पाहिले, त्याच्या मनांत वाटाघाटीची फूटपट्टी अंजनगांवची होती. विठ्ठलपंतांवर मराठींत एखादें स्वतंत्र प्रकरण लिहिण्याचा मोह आमच्या इतिहाससंशोधकांस व्हावा, इतकें तरी त्या उत्तरावरून सिद्ध होतें.

या तहांतूनच १८०४ त ग्वाल्हेरीचा वाद निघाला. गोहदच्या राण्यांशीं केलेल्या कराराच्या आधारें ग्वाल्हेर शिंद्यांस देऊं नये, असें गव्हर्नर-जनरलचें म्हणणें. तहांतल्या शब्दांचा असा अर्थ लावणें सरळपणाचें नाहीं, असें ज्यानें तह केला त्या धाकट्या भावाचें म्हणणें. त्या मार्च महिन्यांत मालकमला लिहिलेल्या पत्रांत, आपल्या शब्दाची पत राखण्यासाठीं ग्वाल्हेरच काय, पण हिंदुस्थानची सरहद्द दहा वेळां सोडून देईन, अशा आशयाचें तो लिहितो. ज्याच्या मेहेरबानीनें आपण सेनापति झालों, त्या भावाविरुद्ध हें मत आहे हें लक्षांत घ्यावें. भावाचें म्हणणें तेव्हां टिकलें. पण १८०५ च्या अखेरीस, रिचर्ड वेलस्ली परत गेल्यावर, ग्वाल्हेर शिंद्यांस मिळाली.

आतां दुसरी बाजू. देवगांवीं ज्या मुलुखाचा निकाल लागला, त्या मुलुखाचा वकील देवगांवीं कोणी नव्हता. भोसल्यांचा होता, निजामाच्या हिताकडे पाहणारें कंपनी सरकार होतें. वऱ्हाडचा पाटील, कुणबी, देशमुख यांपैकीं कोणाचेंहि नांव त्या बोलण्यांत नाहीं. पूर्वीं वऱ्हाडांत निजामाचा आणि भोसल्यांचा दुहेरी अंमल असे. दोन धनी, दोन कमाविसदार, आणि एकाच पिकावर दोन हात. तो जांच गेला हें तहाचें पुण्य म्हणतां येईल. पण १८०४ च्या एप्रिलांत वांटणी होऊन वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख ज्या निजामशाहीच्या हवालीं झाला, तिच्या किल्लेदारांविषयीं स्वतः वेलस्लीनें त्याच मोहिमेंत कडक तक्रारी केल्या होत्या. दोस्त म्हणवितात आणि आमच्या जखमी लोकांस आसरा व धान्य देत नाहींत, असा त्या तक्रारींचा सूर आहे. आपल्या जखमी शिपायांसाठीं ज्यांच्यावर विश्वास टाकतां आला नाहीं, त्यांच्यावर रयत मात्र बिनघोर सोंपविली. पुढें मक्तेदारीचा आणि सावकारीचा जो खेळ चंदूलालच्या आणि पामर कंपनीच्या काळांत झाला, त्याचा शेवट १८५३ त कर्जापोटीं वऱ्हाड इंग्रजांकडे गहाण पडण्यांत झाला. 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिणारे या. मा. काळे यांचा ग्रंथ जवळ घेतल्यावांचून वेलिंग्टनचें कोणतेंहि इंग्रजी चरित्र वऱ्हाडी माणसानें वाचूं नये, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगत आलों आहों, तें याचसाठीं. इंग्रजी ग्रंथांत वऱ्हाड हें एका पोषाखांतलें बटण असतें. त्या बटणाच्या जागीं आपण राहतों.

तो निर्दय होता, असें यावरून कोणी समजूं नये. त्याच सुमारास दक्षिणेंत जबर दुष्काळ पडला, तेव्हां अहमदनगरास उपाशी लोकांना काम देऊन त्यावर अन्न देण्याची व्यवस्था त्यानें करविली. कूच करतांना उभें पीक लुटणाऱ्या आपल्याच शिपायांना त्यानें कडक शिक्षा दिल्या. डोळ्यांसमोर आलेला माणूस त्याला दिसे. धोंडजी वाघास रणांत मारल्यावर त्याचा पोरका मुलगा सलाबतखान यास त्यानें आश्रय दिला, आणि हिंदुस्थान सोडतांना त्याच्यासाठीं पैसे ठेवून गेला. परंतु ज्याचा वकील नाहीं असा समुदाय त्याला दिसत नसे. असईला दोन खेडीं समोरासमोर पाहून त्यानें त्यांच्यामधली पायवाट ओळखली. देवगांवीं शेंकडों खेडीं पुढें असतां त्यानें त्यांच्यामधली फक्त नदी पाहिली.

ही खूण मनांत ठेवून १८२८ ते १८३० या मुख्यप्रधानकीच्या वर्षांकडे यावें. रूढ मत असें कीं, हुकूम देण्याची संवय जडलेला शिपाई मंत्रिमंडळांत फसला. पहिल्या बैठकींत त्यानें हुकूम सोडले आणि मंत्री वाद घालीत बसले तेव्हां त्यास आश्चर्य वाटलें, ही आख्यायिका त्यासाठीं नेहमीं पुढें करतात. तिला विश्वसनीय आधार नाहीं, पण ती इतकी सोयीची आहे कीं मरत नाहीं. तिनें १८२९ सालचा उलगडा मुळींच होत नाहीं. त्या वर्षीं याच कडव्या टोरीनें, आपल्या पक्षाचा, धर्मगुरूंचा आणि खुद्द राजाचा विरोध मोडून, कॅथॉलिक लोकांना पार्लमेंटांत बसण्याचा हक्क दिला. लॉर्ड विंचिल्सीनें त्याच्यावर कपटाचा आरोप केला म्हणून मुख्यप्रधान असतांना, वयाच्या साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यानें पिस्तुलाचें द्वंद्वहि केलें. आयर्लंडांत डॅनियल ओकॉनेलच्या मागें उभा असलेला समाज संघटित होता. ओकॉनेल १८२८ त क्लेअरच्या निवडणुकींत निवडून आला होता. आतां सवलत न दिली तर यादवी होईल, हें वेलिंग्टननें ओळखलें. समोर वकील होता, आणि वकिलाशीं तह कसा करावा हें तो अंजनगांवीं शिकला होता. गाविलगड परत देणारा हात आणि १८२९ च्या कायद्यावर राजाची सही मिळविणारा हात एकच.

आणि दीड वर्षानें, नोव्हेंबर १८३० त, त्याच माणसानें भर सभेंत सांगितलें कीं, इंग्लंडच्या प्रतिनिधि-पद्धतींत सुधारणेला जागा नाहीं आणि देशाचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. मॅंचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांसारख्या गजबजलेल्या शहरांस तेव्हां पार्लमेंटांत स्वतःचा एकहि प्रतिनिधि नव्हता. आणि ओल्ड सेरमच्या ओसाड टेकडीचे दोन होते. पंधरवड्यांत त्याचें सरकार कोसळलें, पुढल्या वर्षीं जमावानें त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या, आणि त्यानें त्यांवर लोखंडी झडपा बसविल्या. लाँगफर्डबाई हें भाषण म्हणजे एक अनाकलनीय चूक झाली, अशा सहानुभूतीनें लिहितात. म्यूर तत्कालीन पक्षभेदांतून त्याचीं कारणें काढतात, आणि तीं बहुतेक पटण्याजोगीं आहेत. पण दोघांचाहि शोध १८१५ च्या अलीकडे येऊन थांबतो. ज्या लोकांच्या वतीनें बोलावयास कोणी तंबूंत आलेला नाहीं, त्यांना कांहीं म्हणावयाचें असेल ही शंका त्याला १८०३ तहि आली नव्हती. मॅंचेस्टर ही त्याची वर्धेची पश्चिम होती. खंड दोन केले, म्हणजे हा धागा बांधणीच्या दोऱ्यांत कापला जातो, एवढेंच आमचें म्हणणें.

हा धागा शोधण्यास साधनें नाहींत असें मुळींच नाहीं. कर्नल गरवुडनें ड्यूकच्या हयातींतच, १८३४ पासून, त्याचीं पत्रें छापण्यास आरंभ केला; ड्यूकनें स्वतः तीं पाहिलीं आणि जिवंत माणसें दुखावूं नयेत म्हणून कित्येक नांवें गाळविलीं. पुढें त्याच्या मुलानें पुरवणीचे पंधरा खंड काढले, आणि १८८० त ऑक्सफर्डहून सिडनी ओवेन यांनीं हिंदुस्थानासंबंधींच्या पत्रांची एक वेगळी निवड प्रसिद्ध केली. नवख्या वाचकानें चरित्रांच्या आधीं ओवेनच हातीं धरावा, अशी आमची शिफारस आहे. पत्रांची भाषा कोरडी आहे. बैलांच्या किंमती आणि तांदळाच्या गोण्या यांत तहाचीं कलमें मिसळलेलीं आहेत. पण त्या मिसळण्यांतच माणूस अखंड दिसतो. चरित्रकारानें धान्य एका पोत्यांत आणि कलमें दुसऱ्या पोत्यांत भरलीं, कीं तो दिसेनासा होतो.

जातां जातां एका पदकाची गोष्ट, जी आम्हांस या चरित्रांत हवी त्या ठिकाणीं सांपडली नाहीं. असईनंतर वर्षाच्या आंत वेलस्लीस सर ही पदवी देणारा 'बाथ'चा मान मिळाला. वॉटर्लूच्या शिपायांस त्यांचें पदक १८१६ पासून वांटलें गेलें. असई, अडगांव आणि गाविलगड येथें लढलेल्या गोऱ्या आणि काळ्या शिपायांसाठीं, त्या नांवांच्या पट्ट्या असलेलें पदक मंजूर झालें तें १८५१ सालीं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनीं, आणि तें फक्त हयात असलेल्यांस मिळावयाचें होतें. त्या वेळीं इंग्रज फौजेचा सरसेनापति खुद्द वेलिंग्टनच होता; पुढल्या वर्षाच्या सप्टेंबरांत तो वारला.